दीड तासाचं पुणं

५ जानेवारी, रविवार

आई आज यशवंतपूर स्टेशनवर सापडली. जिन्याच्या पायरीवर बसली होती म्हणे. पायात माझ्या बायकोच्या, शोभाच्या चपला, हातात भाजीची पिशवी. पिशवीत एक साडी, फणी आणि टीव्हीचा रिमोट. तिला गल्ली सांगता आली नाही, कोपऱ्यावरचं देऊळ सांगता आलं, त्यावरून रिक्षावाल्याने घर शोधलं. "अज्जी पुणेगे होगबेकंते, सार," कानडीत म्हणाला, म्हणजे आजींना पुण्याला जायचंय, आणि हसला.

आई मागून: "हसायला काय झालं? माहेर आहे माझं पुण्याला. तुझ्या बायकोला नाही माहेर?"

पैसे घेतले नाहीत. जाताना हळूच म्हणाला, "स्वल्प नोडकोळ्ळी." जरा लक्ष ठेवा, हे आता मला अनोळखी माणसं सांगायला लागली आहेत.

शोभा बाथरूममध्ये गेली, नळ सोडला. आईसाठी नोकरी सोडून तिला वर्ष होईल. बाहेर आम्ही तसं सांगत नाही, कंटाळा आला होता असं सांगतो. तोंड पुसत बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, "अक्काची पाळी कधी आहे?"

८ जानेवारी, बुधवार

थोरल्या बहिणीला, अक्काला फोन केला. बाबा गेल्यावर ठरलं होतं, सहा महिने तिच्याकडे कॅलिफोर्नियात, बाकीचे इथे. मागच्या दोन पाळ्या हुकल्या. एकदा अक्काने घर बदललं, एकदा आईच नाही म्हणाली.

अक्का लगेच तयार. "पाठव. मी कधी नाही म्हटलंय? कशी आहे?"

"थोडं विसरते."

"वयच आहे रे ते. मीसुद्धा विसरते."

थोडं. दिवसभर मी पीण्या इंडस्ट्रियल एरियातल्या कारखान्यात बसून लोकांनी बनवलेले भाग मोजतो. कुणी 'साहेब, थोडंच मोठं आहे' म्हणालं तर माल परत पाठवतो. आज माझ्या तोंडात तोच शब्द. खोटा नाही. मोजलेला नाही, एवढंच.

तिकीट पाहिलं. बंगळूरहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान आहे. चौदा हजार किलोमीटर, सतरा तास. अक्का म्हणते, थेट तेच बरं. उतरणं नाही, बदलणं नाही. नुसतं बसून राहायचं.

शोभाला सांगितलं. ती म्हणाली, "इथे त्या सतरा मिनिटं बसत नाहीत."

तरी तिनेच आईचा पासपोर्ट काढून ठेवला. व्हिसा अजून चालू आहे. दोघांनीही तारीख दोनदा पाहिली.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी आई चांगली असते. दहा-अकरापर्यंत तर अगदी पूर्वीची. तेव्हाच सांगितलं, सरळ.

"मी नाही जायची. तिकडे नळसुद्धा बोलत नाही. हात धरला की पाणी, काढला की गप्प. माणसंही तसलीच."

"अक्का आहे ना तिथे."

"अक्का कामाला जाते. मग मी आणि तो नळ." मग म्हणाली, "पाठवायचीच आहे तर पुण्याला पाठव. कुसुमकडे. पुण्याला विमान जातं आता, दीड तासात. मला माहितीये. मला वेडी समजू नकोस."

कुसुममावशीला जाऊन तीन वर्षं झाली. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई रडली. पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं, पुन्हा तशीच रडली. जणू पहिलाच निरोप. त्यानंतर शोभाने सांगायला सुरुवात केली, मावशी बऱ्या आहेत. मला ती दया वाटली होती. अजूनही वाटते, पण आता तिचा उपयोग व्हायला लागलाय.

१५ जानेवारी, बुधवार

मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं: 'आमच्या आई २९ तारखेच्या विमानाने सॅन फ्रान्सिस्कोला जात आहेत. सोबत हवी आहे. प्रकृती उत्तम. फक्त इंग्रजीची अडचण.'

हे वाक्य माझं नाही. दर आठवड्याला कुणाचे तरी आईवडील मुलांकडे निघालेले असतात. सगळ्यांची प्रकृती उत्तम असते, सगळ्यांना फक्त इंग्रजीची अडचण असते. आधीचा कुणाचा तरी मेसेज उतरवून घेतला, तारीख बदलली. आई जुनी मॅट्रिक आहे. इंग्रजी पेपरातल्या मृत्यूच्या बातम्या मोठ्याने वाचते.

व्हीलचेअरही मागवली. आई जिने चढते. पण सगळेच मागवतात. खुर्चीत बसवलं की माणूस रांगेच्या पुढे जातो आणि त्याला स्वतःला कुणी काही विचारत नाही.

संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. श्वेता म्हणून एक मुलगी, मूळची नागपूरची, सर्जापूर रोडला राहते. ऑफिसच्या कामाला त्याच विमानाने चाललीय. 'नो प्रॉब्लेम दादा, माझी आजीपण अशीच ट्रॅव्हल करते.'

१८ जानेवारी, शनिवार

श्वेताला घरी बोलावलं. सकाळी दहाला. वेळ मी निवडली. मुलगी दाखवायला उजेडाची बाजू निवडतात तसं.

आई सुंदर वागली. शोभाने नेसवलेली निळी साडी, केस नीट. श्वेता म्हणाली सर्जापूरहून यायला दोन तास लागले, तर आई म्हणते, "सर्जापूर? ते बंगळूरात कधी आलं? आमच्या वेळी तिकडे मुलगी द्यायची तरी लोक विचार करायचे." श्वेता हसून हसून वाकली. आईने तिचं गाव, पगार, लग्न का केलं नाही, सगळं काढून घेतलं. लाडू दिला, पुन्हा दिला. तिसऱ्यांदा देताना म्हणाली, "तू काहीच घेतलं नाहीस." श्वेताने तोही खाल्ला. आग्रह समजली.

जिन्यात मला म्हणाली, "काकू किती शार्प आहेत, दादा. मीच बोअर करेन त्यांना."

मी म्हटलं, "प्रवासात जरा गोंधळतात."

"अहो, मीपण."

सांगितलं असं म्हणता येईल का? मी एक वाक्य बोललो आणि तिने ते हलकं करून परत दिलं. मी ते पुन्हा जड केलं नाही.

२० जानेवारी, सोमवार

माळ्यावरून बॅग काढली. आई दारात येऊन उभी.

"पुण्याला?"

मी मान हलवली.

तिचा चेहरा असा झाला की मला बघवेना, तरी बघत राहिलो. "कुसुमला कळवलंस?" म्हणाली. "तिला चकल्या न्यायच्या. विकतच्या नकोत, ती नावं ठेवते."

शब्द तिचा, मान माझी. दिवसभर हेच घोळवतोय, जणू यात काही सूट आहे.

शोभाला सांगितलं. तिने बॅगेवरची धूळ पुसली. मग म्हणाली, "निदान आनंदाने जातील."

संध्याकाळी तिने चकल्या केल्या.

२४ जानेवारी, शुक्रवार

श्वेताला मेसेज लिहिला. 'आईला विसरण्याचा आजार आहे. संध्याकाळी वाढतो. ती पुण्याला चालली आहे असं तिला वाटतंय, कृपया' इथपर्यंत. कृपया काय? सतरा तास माझं खोटं चालव?

शोभा म्हणाली, "पाठव. सांगून टाक तिला."

"नाही म्हणाली तर?"

"तर नाही."

आई आतून हाक मारत होती, गॅस बंद केला का, गॅस बंद केला का. शोभा उठली, गॅस बघून आली. बंदच होता. परत येऊन बसली आणि म्हणाली, "उद्या पाठव."

तेव्हा आम्हा दोघांनाही कळलं. मेसेज पुसला.

२७ जानेवारी, सोमवार

आई सगळ्यांना सांगतेय, माहेरी चालले. इस्त्रीवाल्याला, खालच्या मजल्यावरच्या अम्मांना, दूधवाल्याला. अम्मांनी मला थांबवून विचारलं, कधी परत येणार? मी म्हटलं, जुलैत. "माहेरी एवढं राहतात?" म्हणाल्या. मी हसलो. शेजारणीपुढे हसायचं हसू वेगळं असतं, ते जमलं.

कुणी तिला विचारलं की विमान कुठे जातं, तर ती बरोबर सांगते: पुणं, सातशेच्या वर किलोमीटर, दीड तास. तिचा हिशेब चुकत नाही. तिला दिलेलं गणितच चुकीचं आहे.

२९ जानेवारी, बुधवार

सकाळ. शोभा आईला मोठ्यांचं डायपर बांधत होती. दार लोटलेलं, तरी ऐकू आलं.

"हे काय गं?"

"प्रवासात बरं असतं, अत्ते."

"दीड तासाला?"

एक पट्टी चिकटल्याचा आवाज आला. मग आईच म्हणाली, "सरी, ठीक आहे. बांध. कुसुमला मात्र सांगू नकोस."

विमानतळ. आत फक्त तिकीटवाले. दाराशी मोठा फलक होता, शहरांची नावं सरकत होती. आई वाचते हे मला माहीत आहे. तिच्या आणि फलकाच्या मधे उभा राहिलो. ती जराशी डावीकडे झाली, मीही झालो. तिला वाटलं मी लहानपणीसारखा अडवतोय. "बाजूला हो रे घोड्या," म्हणाली, हसत.

खुर्ची ढकलणारा आला. "येल्लिगे, अज्जी?"

"पुण्याला. बहिणीकडे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बॅगेचा पट्टा घट्ट करत होतो. श्वेता हसली. तिला वाटलं आई गंमत करतेय. इथे सांगता आलं असतं. तिच्या हातात पासपोर्ट देताना सांगता आलं असतं. तिला गोळ्यांची पुडी दिली आणि म्हटलं, विमान लागू नये म्हणून. त्यात झोपेच्या अर्ध्या अर्ध्या गोळ्या होत्या.

आई खुर्चीत ताठ बसली, मांडीवर चकल्यांचा डबा. "तू जा आता. थांबू नकोस. चहाच्या वेळेपर्यंत पोचेन ना?"

"हो."

या वेळी मान नाही. अख्खा शब्द.

दुपारी थेट कारखान्यात गेलो. विमान फोनवर दिसतं, नकाशावर एवढंसं. दोनच्या सुमारास उडालं. साडेतीनला पाहिलं: आता पुणं आलं असतं. पहिला दीड तास तिचा स्वतःचा होता, माहेरी निघालेल्या बाईचा. उरलेले सगळे तास माझे.

पुणं वायव्येला. विमान पूर्वेला चाललंय. आधी समुद्र, मग इतर देश, मग पुन्हा समुद्र. दर वेळी बघावं तर ती पुण्यापासून आणखी लांब.

संध्याकाळी शोभा म्हणाली, "बंद कर ते." मी केलं. स्वयंपाकघरात जाऊन तिने स्वतःच्या फोनवर लावलं.

३० जानेवारी, गुरुवार

सकाळी साडेआठनंतर अक्काचा फोन. पोचली. सुखरूप. गाडीत झोपलीय. मग अक्का हळू आवाजात, "ती म्हणते, पुणं फार लांब गेलं आता. काय बोलतेय ती, श्री?"

मी म्हटलं, दमली असेल.

दुपारी श्वेताचा मेसेज. उतरवून ठेवतो, म्हणजे मला नंतर सौम्य करून आठवता येणार नाही.

'दादा, काकू सेफली पोचल्या, ताईंकडे सोपवलं. पण मला सांगायचंय. दीड-दोन तासांनी काकूंनी फणी काढली, केस नीट केले, बेल्ट सोडून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, चल, पुणं आलं. मी म्हटलं काकू, आपण अमेरिकेला चाललोय. त्यांना वाटलं मी चुकून त्यांच्या विमानात बसलेय. एअरहोस्टेसला बोलावून इंग्लिशमध्ये म्हणाल्या, ही मुलगी चुकीच्या विमानात आहे, हिला दंड करू नका, हिला उतरवा. सगळे हसले. मीपण हसले. मग त्या दर थोड्या वेळाने विचारत राहिल्या. मग रडल्या. मग दाराकडे गेल्या, दोघांनी धरून आणलं. गोळी दिली ती थुंकली. पुढे मीच म्हणायला लागले, येतंय काकू, येतंय पुणं. मला सगळ्यात घाण वाटलं ते याचं. तुम्ही खरं सांगितलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं का, मला माहीत नाही. ते कळायचा चान्सच तुम्ही दिला नाहीत. रिप्लाय नको.'

रिप्लाय लिहिला. पाठवला नाही. तिने नको म्हटलं हे कारण सोयीचं होतं.

चकल्या आईने सगळ्या एअरहोस्टेसना वाटल्या, असं तिने खाली वेगळ्या ओळीत लिहिलंय.

१ फेब्रुवारी, शनिवार

झोप लागली. सलग, सकाळपर्यंत. शोभालाही. लिहायला हवं म्हणून लिहितो.

डोसा खायला बाहेर गेलो, दोघंच. घराला बाहेरून कुलूप लावायची सवय गेली होती, किल्ली शोधावी लागली. शोभाने केसात फूल घातलं होतं. डोसा अर्धा झाल्यावर म्हणाली, "परतीचं तिकीट जुलैचंच ना?"

"हो. बदलता येतं."

"अलीकडे की पलीकडे?"

"दोन्ही."

ती चटणी मागायला वळली. मीही वळलो, दुसरीकडे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

अक्का तापली. "थोडं विसरते म्हणालास तू. ती माझ्या नवऱ्याला ड्रायव्हर समजते."

"तो काय म्हणतो?"

"तो म्हणतो, मॅडम कुठे सोडू." हसली आणि मधेच रडायला लागली. "कुसुममावशीकडे पाठवलंस तिला? मेलेल्या माणसाकडे?"

अक्काने आईला खरं सांगून पाहिलं होतं, अर्धंच: मावशी गेली. हे पुणं नाही, ते सांगायच्या आत आई कोसळली. "मी पुण्यात येऊन बसले तरी मला कळवलं नाही. दहाव्याला तरी न्यायचं," हेच म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी उठली आणि म्हणाली, कुसुम दिसत नाही.

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, नाशिकला गेलीय."

आता आम्ही तिघं. मी, शोभा, अक्का. श्वेताला धरलं तर चार. मी एकट्याने केलं असं राहिलं नाही. हे बरं वाटतंय, हे वाईट आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

तिकडे संध्याकाळ झाली की आई बॅग घेऊन दाराशी बसते. कोट, बूट, पर्स. इतके दिवस माहेरी राहत नाहीत, म्हणते. घरी जायचं. दीड तासाचं तर आहे.

बुधवारी पहिल्यांदा अक्काने फोन लावून दिला. त्यांची संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. आई पडद्यावर डोळे बारीक करून बघत होती. "तुझ्याकडे ऊन कसं रे? इथे तर दिवे लागले."

मी फोन भिंतीकडे फिरवला. "ट्यूब आहे, आई."

"सरी. मी निघतेय. स्टेशनवर नको, विमानतळावर ये."

मागून अक्काचा हात, नको नको करणारा.

"आजचं विमान रद्द झालंय आई."

"रद्द? मग उद्याचं?"

"उद्याचं बघू."

तिने बूट काढायला सुरुवात केली. वाकता येईना, अक्काने काढले.

आता रोज असंच. सकाळी आठला शोभा पडदे ओढते, मी ट्यूब लावतो, आम्ही संध्याकाळ करतो आणि मी विमान रद्द करतो. मग पडदे उघडतो, डबा घेतो, कामाला जातो. काल माल नाकारताना हात थांबला. तुकडा खरंच मोठा होता. नाकारला.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज तिने विमान मागितलं नाही. मला मागितलं.

"विमानं बंद असतील तर तू ये न्यायला."

"विमानंच बंद आहेत, आई."

"मग रेल्वेने ये. यशवंतपूरहून आहे की गाडी पुण्याला. मला काय माहीत नाही का?"

"कामं आहेत."

"उद्या रविवार आहे, अक्काने सांगितलं. सकाळी ये, जेव, संध्याकाळी मला घेऊन जा. मी तुला राहा म्हणतेय का?"

तिकडे अजून शनिवार होता. ट्यूबचा आवाज येत होता.

"दीड तास, श्री. तेवढासुद्धा नाही तुझ्याकडे?"

आता हे कळतंय. मी पुणं जवळ म्हणून निवडलं, तिला सोपं जावं म्हणून, मला सोपं जावं म्हणून. आपण चौदा हजार किलोमीटरवर आहोत हे माहीत असतं तर तिला मुलगा न येण्याचं कारण मिळालं असतं. समुद्र असते मधे. मला तर व्हिसाही नाही, मुलाखतीची तारीखच पुढल्या वर्षीची दिसते. यातलं एकही तिला सांगता येत नाही. मी तिला घराच्या इतकं जवळ ठेवलंय की माझ्याकडे काही सबबच उरली नाही.

फोन ठेवताना म्हणाली, "यायचं नसेल तर तसं सांग. मी काय खाते का तुला?"

शोभा पडदे उघडायचे विसरली. आम्ही बराच वेळ सकाळी नऊ वाजता संध्याकाळीच बसून होतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

अक्का म्हणते, सांग. तूच सांग, मी नाही सांगणार. अमेरिकेत आहे, मुद्दाम पाठवली, खोटं सांगून पाठवली. एकदा रडेल. मग निदान तू का येत नाहीस ते तिला कळेल.

मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी विसरेल. पुन्हा सांगावं लागेल.

"मग रोज सांग," अक्का म्हणाली. "रोज विमान रद्द करतोस ना?"

शोभाला विचारलं. ती भांडी लावत होती. म्हणाली, "मला विचारू नका. मी त्या दिवशी डायपर बांधलंय."

कधी नव्हे ते तिने मला अहो-जाहो केलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज पडदे ओढले, ट्यूब लावली, वाट पाहिली. फोन अक्काने एकटीनेच केला. आई आत टीव्ही बघतेय.

बॅग काढली नाही म्हणे. काल नाही, आज नाही. बूट जागेवर. संध्याकाळी शांत बसते, नीट जेवते. अक्काचा नवरा म्हणतो, सुधारतेय.

मग अक्का म्हणाली, "मी काल तिला विचारलं, श्रीला फोन लावू? तर म्हणाली, नको. दीड तासाच्या वाटेवर आहे आणि येत नाही, म्हणजे त्याला जमत नसेल. त्याच्या मागे लागू नकोस. शोभा चांगली आहे, तिलाही त्रास नको."

"मग आज विसरली असेल."

"आज पुन्हा विचारलं. तेच म्हणाली. शब्दाला शब्द."

कुसुम मेली ते तिच्यात टिकत नाही. ड्रायव्हर, विमान, काहीच टिकत नाही. हे टिकलं.

पलीकडे टीव्हीवर कुणीतरी इंग्रजीत हसत होतं आणि आई त्याच्याबरोबर हसत होती, थोडी उशिरा.

"शांत आहे ती आता, श्री," अक्का म्हणाली. "आपल्या सगळ्यांनाच जरा निवांत झालंय. सांगायचं म्हणालास तर उद्या सकाळी तुझ्या आठला लावते. नको म्हणालास तर मी काही बोलणार नाही. पुन्हा कधी विषयही काढणार नाही. लावू का?"

मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत सांगतो.

संध्याकाळ झाली. खरी. शोभाने दिवा लावला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "उद्या आठला पडदे ओढायचे, की ऊन दिसू द्यायचं त्यांना?"